छायाचित्रामागचे नाव

काही वर्षांपूर्वी आमच्या समाजाच्या देवळाची स्मरणिका काढावयाचे ठरले आणि संपादनाचे काम आमच्या गळ्यात पडले. वकील म्हणजे कागद नीट लावणारा मनुष्य, अशी मंडळींची समजूत असावी. देवळाच्या कोठीतील पत्र्याच्या पेटीतून हिशेबाच्या वह्या, पावतीपुस्तके, उत्सवाच्या निमंत्रणपत्रिका आणि पन्नासएक छायाचित्रे निघाली. चित्रे जुन्या पुठ्ठ्यांवर चिकटवलेली होती आणि पुठ्ठ्यांना वाळवी लागू पाहत होती. आम्ही मोठ्या उत्साहाने चित्रे सोडवून घेतली, नव्या कागदावर लावली आणि पुठ्ठे टाकून दिले. स्मरणिका देखणी निघाली. प्रकाशनाच्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी पाने चाळून आम्हांस विचारले, "पुठ्ठ्यांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहिली होती. ती कोठे छापली आहेत?"

ती नावे आम्ही केरात टाकली होती. एका चित्रात पालखीपुढे अकरा माणसे उभी आहेत. त्यांतील तिघांची ओळख पटली, आठ जण अनोळखी राहिले. चित्र स्वच्छ आहे, चेहरे स्पष्ट आहेत, एकाच्या सदऱ्याचे बटणदेखील मोजता येते. परंतु ही माणसे कोण, हे सांगणारा एकमेव कागद आमच्याच हातून नष्ट झाला. ज्याने आयुष्यभर न्यायालयात कागदाची प्रतिष्ठा सांगितली त्याच्याच हातून हे घडावे, ही गोष्ट आम्हांस फार लागली. पुढील विवेचन त्या चुकीतून सुचलेले आहे. जुनी चित्रे आणि कागद यांच्या आधारे गावाचा इतिहास राखण्याचे जे प्रयत्न आमच्या भोपाळच्या परिसरात झाले, त्यांचे गुणदोष पाहावे आणि त्यांवरून आपल्या पेटीचे काय करावे ते ठरवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम कायद्याची एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये असा नियम होता की, तीस वर्षांचा जुना कागद योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचे म्हणून दिसते त्याचेच आहे असे न्यायाधीशास गृहीत धरता येते. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. 'योग्य ताबा' म्हणजे काय? तो कागद स्वाभाविकपणे ज्या जागी आणि ज्याच्या जवळ असावयाचा, तेथे तो असणे. नियमाचे मर्म असे की, जुन्या कागदाचे साक्षीदार हयात नसतात. म्हणून तो कोठून आला आणि कोणी जपला, हीच त्याची साक्ष ठरते. छायाचित्रालाही हाच न्याय लावावा, असे आमचे मत आहे. चित्र किती सुंदर आहे हा प्रश्न नंतरचा. ते कोणाचे, कोठले, केव्हाचे आणि कोणाच्या ताब्यातले, हे चार प्रश्न आधीचे होत.

या कसोटीवर भोपाळ संस्थानची सर्वांत जुनी छायाचित्रे तपासून पाहू. १८६२ साली जेम्स वॉटरहाउस हा इंग्रज लष्करी अधिकारी मध्य हिंदुस्थानात छायाचित्रे घेत भोपाळला आला. राज्यकर्त्या सिकंदर बेगम व त्यांच्या कन्या शाहजहान बेगम यांची चित्रे त्याने घेतली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड लंडनला निघाले, त्या प्रकल्पासाठी ही भ्रमंती होती. बेगमांची ओळख आज पटते, कारण त्या राज्यकर्त्या होत्या. परंतु त्या खंडांतील बहुतेक सामान्य स्त्रीपुरुषांना व्यक्तिनाम नाही. त्यांच्या चित्राखाली जातीचे वा जमातीचे नाव आहे. त्या माणसाला घर होते, आईने ठेवलेले नाव होते. पण छायाचित्रकाराच्या मालकास त्याचे प्रयोजन नव्हते. त्याला माणूस नको होता, नमुना हवा होता. खंड मौल्यवान आहेत, त्यांतील वेशभूषेचा अभ्यास करावा तेवढा थोडा. तथापि स्थानिक इतिहास म्हणून ते अपुरे होत; त्या चित्रांतील माणसाच्या नातवाला आपला आजा तेथे सापडत नाही.

दुसरा ग्रंथ सर लेपेल ग्रिफिन यांचा, १८८६ साली प्रसिद्ध झालेला 'फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया'. ग्रिफिन हे मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर-जनरलचे एजंट. ग्रंथकार म्हणून नाव त्यांचे. त्यातील चित्रे मात्र लाला दीनदयाळ यांनी टिपलेली. दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीस शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस आले आणि होळकरांच्या राज्यात त्यांची कला वाढीस लागली. सांची, ग्वाल्हेर, खजुराहो येथील वास्तूंची त्यांनी घेतलेली चित्रे पाहिली म्हणजे दगडावरील उन्हाची तिरीपदेखील या माणसाला वाचता येत होती, हे पटते. तोरणाची कोणती बाजू त्या काळी कशी होती, कोठला दगड ढळला होता, याला ही चित्रे आज पुरावा आहेत. या दृष्टीने हा ग्रंथ वॉटरहाउसच्या उद्योगाहून उजवा आहे; कारण वस्तू कोणती आणि कोठली याविषयी त्यात संदिग्धता नाही. दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी अडीच हजारांहून अधिक दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुरक्षित आहेत, म्हणजे ताब्याचाही प्रश्न सुटला. उणीव एकच. त्या काळच्या वास्तुचित्रणात माणूस उभा केला जाई तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून. त्याचे नाव विचारण्याची कोणास आवश्यकता वाटत नसे.

आणि नावाचे महत्त्व किती, याचे उत्तर त्याच सांचीच्या दगडांत आहे, ही केवढी मौज! सांची भोपाळहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर, जुन्या भोपाळ संस्थानच्या हद्दीत. तेथील स्तूपांच्या कठड्यांवर आणि फरसबंदीवर शेकडो लहान लेख आहेत. ते राजाज्ञा नव्हेत. अमुक गावच्या अमक्याने ही फरशी दिली, अमुक भिक्षुणीने हा खांब दिला, एवढाच त्यांचा मजकूर. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्षू व भिक्षुणी आहेत. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी आपल्या कामाची नोंद करून ठेवली आहे. आपल्या देवळात पायरीवर किंवा भिंतीवरच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, त्यांचीच ही दोन हजार वर्षांपूर्वीची भावंडे होत.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली, ती याच लेखांच्या ठशांवरून. कॅप्टन एडवर्ड स्मिथ याने पाठविलेले ठसे पाहताना त्याच्या ध्यानात आले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. पवित्र स्थळी अशा लहान लहान लेखांचा शेवट कशाने होणार? दानाने. 'दानं' हा शब्द असावा असे त्याने ताडले, आणि त्या दोन अक्षरांच्या किल्लीने पुढे अशोकाचे शिलालेख वाचले गेले. चक्रवर्ती सम्राटाच्या लेखांचे कुलूप सामान्य देणगीदारांच्या नोंदींनी उघडले, याहून अधिक बोलका दाखला आम्हांस माहीत नाही. देवळाचे पावतीपुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी प्रत्येक विश्वस्ताने हा दाखला आठवावा.

ज्या गोष्टीमुळे भोपाळचे नाव जगाच्या तोंडी झाले, तिच्याकडे आता वळले पाहिजे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर घेतल्या गेलेल्या असंख्य चित्रांपैकी एक सर्वांनी पाहिले आहे: मातीत ठेवलेले एका लहान मुलाचे मुख आणि त्यावरून फिरणारा हात. रघु राय व पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही तो क्षण टिपला. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीच्या जागतिक वृत्तछायाचित्राचा मान मिळाला. हे मूल कोणाचे, हे कधीच कळले नाही. राय यांच्या चित्राच्या शीर्षकातच ते अज्ञात म्हणून नोंदले आहे.

या चित्राविषयी लिहिताना हात थबकतो. वॉटरहाउसच्या चित्रातील माणसाचे नाव विचारले गेले नाही म्हणून गेले. येथे नाव सांगणारेच कोणी उरले नव्हते. छायाचित्रकाराचा येथे दोष नाही. त्याने 'अज्ञात' हा शब्द प्रामाणिकपणे लिहिला आणि एका मुलाच्या चेहऱ्याने हजारोंची साक्ष जगापुढे नेली. परंतु या चित्राची महती गाताना आपण एक गोष्ट विसरतो. जगाला मुख मिळाले तरी त्या मुलाला त्याचे नाव परत मिळाले नाही. चित्र कितीही समर्थ असो, ते एकटे इतिहास राखू शकत नाही, याची याहून कठोर साक्ष कोणती?

पुढे कागदाची पाळी आली. १९८५ च्या कायद्याने पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार भारत सरकारने आपल्याकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. नुकसानभरपाईचे १० लाखांहून अधिक दावे दाखल झाले आणि सुमारे ५ लाख ७४ हजार मंजूर झाले. भरपाई वाढवून मिळावी म्हणून केलेली अखेरची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. या दाव्यांत काय लागत असे? त्या रात्री त्या वस्तीत राहत असल्याचा पुरावा, दवाखान्याची चिठ्ठी, शिधापत्रिका. ज्याने चिठ्ठी जपली त्याचे दुःख न्यायालयात उभे राहू शकले. ज्याची चिठ्ठी पावसात भिजली त्याला आपले दुःख सिद्ध करणे जड गेले. कागद जपणे हा हौशी लोकांचा छंद आहे, असे म्हणणाऱ्यांनी भोपाळच्या जुन्या वस्त्यांतील या चिठ्ठ्यांचा विचार करावा.

डिसेंबर २०१४ मध्ये, दुर्घटनेस तीस वर्षे झाली तेव्हा, पीडितांच्या संघटनांच्या पुढाकाराने 'रिमेंबर भोपाळ' नावाचे संग्रहालय येथे उभे राहिले. मृतांच्या घरच्यांनी दिलेल्या वस्तू आणि छायाचित्रे, आणि त्यांच्याबरोबर त्या घरच्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणी, अशी त्याची मांडणी केलेली होती. आतापर्यंत सांगितलेल्या सर्व संग्रहांत आम्हांस हा उपक्रम सर्वांत सकस वाटतो. लहान मुलाचा सदरा काचेआड ठेवला तर तो केवळ सदरा. त्याची आई बोलू लागली म्हणजे तो पुरावा होतो. येथे वस्तू, नाव, आवाज आणि ताबा ही चारही एकत्र आली. सरकारच्या व कंपन्यांच्या पैशावाचून संग्रह चालवावयाचा, हा निर्धारही त्यामागे होता, आणि तो योग्यच होता. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यावयाची त्याच्याच घरी साक्षीदाराने मुक्कामास राहू नये. तथापि याच निर्धारात या उपक्रमाची अडचणही होती. लोकवर्गणीवर चालणारा संग्रह चालविणाऱ्यांच्या हयातीवर अवलंबून राहतो. ज्या संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी नाही, तो संग्रह केव्हाही धोक्यात आहे असे समजावे.

हा धोका किती खरा आहे, हे आयर्लंडच्या लोकांनी भोगले आहे. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात त्या देशाचा दप्तरखाना होता. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धाच्या धुमाळीत तेथे स्फोट होऊन आग लागली, आणि कित्येक शतकांचे कागद व एकोणिसाव्या शतकातील जनगणनांची पुष्कळ पुस्तके एका दिवसात जळाली. त्या समाजाने पुढे दोन गोष्टी केल्या. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांतील सुमारे ५० हजार मुलांना वह्या देऊन घरच्या व शेजारच्या वृद्धांकडून गावच्या कथा, चालीरीती, आठवणी लिहून आणावयास सांगितले. ५ लाखांहून अधिक पाने जमली. त्या वह्यांत लिहिणाऱ्या मुलाचे नाव असते आणि बहुधा सांगणाऱ्या वृद्धाचेही. दुसरे असे की, २०२२ साली, आगीला शंभर वर्षे होताना, जळालेल्या कागदांच्या ज्या नकला इतर देशांच्या दप्तरांत उरल्या होत्या त्या गोळा करून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करण्यात आला. मूळ गेले तरी नक्कल उपयोगी पडली. कारण नक्कल दुसऱ्या घरात होती.

आपल्या गोमंतकीय वाचकांना दुसऱ्या घरातील कागदाची महती निराळ्या आणि कटू रीतीने ठाऊक आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पाडली गेली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. कुळाव्यांनी देव नेले, मूळ स्थानांची स्मृती नेली. परंतु कोणत्या गावात कोणते देऊळ होते आणि त्याच्याकडे कोणती जमीन होती, याची नोंद पुष्कळ अंशी शिल्लक राहिली ती जमिनी हिसकावून घेणाऱ्या पोर्तुगीज सत्तेच्याच दप्तरात. पुढे पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या विद्वानाने गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचून कागद वाचले आणि प्रकाशात आणले. आपल्या देवाची यादी आपल्याला आपल्या शत्रूच्या वहीत शोधावी लागावी, यापासून काही धडा घ्यावयाचा असेल, तर तो हाच की आपली वही आपण लिहावी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघर हिंडून जमविलेल्या कागदांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हीच तळमळ होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. नावे लिहून ठेवली की त्यांतून वाद निघतात. कोण महाजन, कोण नाही. कोणाच्या आजाने किती दिले. पालखीला खांदा कोणाचा. असे तंटे कागदांच्या आधारेच न्यायालयात येतात, आणि अशा कामाची फी आम्हीही घेतली आहे. कागद माणसाला आत घेतो तसा बाहेरही ठेवतो, हे खरे. परंतु त्याला उपाय नोंद न करणे हा नव्हे. सर्वांची नोंद करणे हा होय. ज्या वहीत केवळ अध्यक्ष आणि देणगीदार आहेत ती वही भांडणास कारण होते. जिच्यात पालखीचे भोई, वाजंत्री, झाडलोट करणारी बाई आणि नैवेद्याचा स्वयंपाक करणारे हातही आहेत, ती वही समाजाचा इतिहास होते.

भोपाळमधील आपल्या लोकांचा इतिहास फार जुना नाही, म्हणूनच तो आज राखता येण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, तेथून सरकारी दप्तरांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने दूरदूरच्या प्रांतांतील माणसे आणली. या पिढीने परक्या गावात उत्सव सुरू केले, वर्गणी जमविली, मुलांना आपली भाषा शिकविली. सरकारी कागद राखण्यास येथे राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रादेशिक कार्यालय आहे. परंतु पहिल्या उत्सवाची पत्रिका आणि पहिल्या पंगतीचे चित्र ते कोठून राखणार? ती आपल्याच पेट्यांत आहेत, आणि ती ओळखणारे डोळे दर वर्षी थोडे थोडे मिटत आहेत.

आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि त्यात हजारो चित्रे आहेत, मग चिंता कशाची, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे की, त्या हजारांखालीही नाव नाही. म्हणून यंत्र कोणतेही असो, काम तेच. चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, नाव, ठिकाण, वर्ष आणि चित्र कोणी दिले ते लिहावे. तोच क्रमांक एका वहीत घालावा. पुठ्ठा टाकण्यापूर्वी त्याची मागची बाजू पाहावी. वही आणि चित्रे यांची एक प्रत दुसऱ्या गावच्या दुसऱ्या घरी ठेवावी. वृद्धांना बोलते करावे, आणि कोणी काय सांगितले ते त्याच्या नावासह टिपावे. एवढ्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही आणि रविवारची एक दुपार लागते.

आमच्या चुकीची भरपाई थोडीशी झाली, ते सांगून हा लेख संपवितो. पालखीचे ते चित्र घेऊन आम्ही एका वृद्ध बाईंकडे गेलो. मंडळींपैकी कोणालाही त्यांनी ओळखले नाही. मग कडेला, अर्धा अंधारात, हातात पेट्रोमॅक्स धरून उभा असलेला एक माणूस त्यांनी चष्मा सरसावून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "हाका हांव वळखतां." तो उत्सवात दिवे लावीत असे; त्यांच्या लहानपणी त्याने त्यांना उजेडात घरी पोहोचविले होते. स्मरणिकेत छापताना चित्र बेताचे व्हावे म्हणून आम्ही नेमकी तीच कड कापली होती. त्याचे नाव आता मूळ चित्रामागे लिहिलेले आहे. ते येथे देत नाही, कारण त्याच्या घरच्यांचा शोध चालू आहे आणि ते प्रसिद्ध करण्याचा पहिला अधिकार त्यांचा. चित्रातील सात माणसे अद्याप अनोळखी आहेत. चित्र देवळाच्या सभामंडपात लावले आहे आणि त्याच्या खाली दोरीला एक पेन्सिल बांधून ठेवली आहे.